खुंटीवरचा मग

रांझीकडच्या क्वार्टरांमध्ये श्रीरंग बोधनकर असं नाव घेऊन घर विचारलं, तर माणसं क्षणभर विचारात पडत. ‘विलायतवाले भैया’ म्हटलं की थेट दारापर्यंत आणून सोडत. विलायतेत तो राहिला होता जेमतेम दीड वर्ष, तेही दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. पण तेवढ्या भांडवलावर जन्मभराचं नाव पडलं. पुढे कारखान्यानं आणखी लढाया पाहिल्या, बासष्टची, पासष्टची, एकाहत्तरची. भोंगे वाजले, ओव्हरटाइम झाले, श्रीरंगचे केस पिकले, नाव मात्र तेच राहिलं. तो स्वतः तिथल्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांपैकी नव्हता. कोणी फारच खनपटीला बसलं तर म्हणे, ‘‘चहा बेकार होता. माणसं चांगली होती.’’ आणि सायकलवर टांग मारून निघे.

त्या चहाची आणि त्या माणसांची ही गोष्ट.

बोधनकरांचं घराणं जबलपुरात भोसल्यांच्या अमलापासूनचं. कोणी एक पूर्वज नागपूरहून कारकुनीवर आला आणि नर्मदेचं पाणी गोड लागलं म्हणून इथेच राहिला, असं घरात सांगत. पुढे भोसले गेले, कारकुनी गेली, आणि श्रीरंगपर्यंत येता येता घराण्याच्या हातात लेखणीऐवजी कानस आली. वडील लवकर वारले होते. आई, भानुमतीबाई, बुटकी, काटक, तोंडानं फटकळ बाई. तिचं सोवळं-ओवळं कडक होतं, पण त्याचा तिला गर्व नव्हता. जसं कोणाचं अक्षर वळणदार असतं, तसं तिचं सोवळं होतं. त्या घरात पाणी वरून प्यायची रीत. तांब्या ओठांना लावायचा नाही. मान मागे टाकायची आणि धार सरळ घशात सोडायची. बोधनकरांची पोरं चालायला शिकण्याआधी वरून प्यायला शिकतात, अशी शेजारी थट्टा करत.

श्रीरंग तोफांचे गाडे बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होता. हात चांगला, नजर त्याहून चांगली. लढाई पेटली आणि सरकारनं एक योजना काढली. हिंदुस्थानातले तरुण कारागीर विलायतेत पाठवायचे, तिथल्या कारखान्यांत गोऱ्या कामगारांच्या बरोबरीनं काम शिकवायचं आणि परत आणायचं. श्रीरंगचं नाव लागलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको कुंदा जा म्हणाली नाही आणि जाऊ नको असंही म्हणाली नाही. तिनं त्याचा जुना स्वेटर उसवला आणि दुहेरी लोकरीनं पुन्हा विणायला घेतला. त्यावरून काय समजायचं ते त्यानं समजून घेतलं.

प्रश्न आईचा होता. समुद्र ओलांडायचा, म्लेंच्छांच्या घरात राहायचं. श्रीरंगनं दोन दिवस मनात भाषण जुळवलं होतं. त्याची गरजच पडली नाही.

‘‘समुद्राचं मला काही नाही,’’ आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. ‘‘समुद्र म्हणजे तरी काय? आपल्या नर्मदामायचंच पाणी जाऊन मिळून राहिलं नं त्यात. जा तू. फक्त एक पाळ. कोणाचं उष्टं तोंडाला लावू नको. बाकी तिथं अंडं खा, डुक्कर खा, मला सांगू नको.’’

‘‘डुक्कर, आई?’’

‘‘सांगू नको म्हटलं नं.’’

आणि तोंडी शब्दावर न थांबता ती त्याला टांग्यात घालून तिलवाऱ्याला घेऊन गेली. घाटाच्या पायऱ्यांवर गुडघाभर पाण्यात उभं केलं, ओंजळीत नर्मदेचं पाणी घ्यायला लावलं. ‘‘म्हण.’’ त्यानं म्हटलं. पाणी बोटांच्या फटींतून गळत होतं, आणि संपायच्या आत शपथ पुरी करायची म्हणून तो भरभर बोलला.

जहाज आफ्रिकेला वळसा घालून गेलं. उत्तर विलायतेतल्या एका कारखान्यांच्या गावात श्रीरंगची नेमणूक झाली. त्या गावाचं नाव त्याच्या जिभेवर कधीच नीट बसलं नाही. तव्याच्या बुडासारखं आभाळ, विटांच्या घरांच्या एकसारख्या रांगा, आणि प्रत्येक घराचं दार बंद. राहायची सोय बिल ॲशवर्थ नावाच्या फिटरच्या घरी होती. बिल त्याच कारखान्यात एका गँगचा मुख्य होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याची बायको ईडिथ त्याच्या वाटचंही बोलत असे.

घरची आठवण येणार हे श्रीरंग धरून चालला होता. कुंदा, आई, वरण-भात, थंडीतली खोव्याची जिलबी, या गोष्टींची तयारी त्यानं जहाजावरच केली होती. पण आठवण भलत्याच दारानं आली. जबलपुरात घरातून निघून कोपऱ्यापर्यंत जायचं तरी चार जण विचारायचे, ‘‘कहाँ चले, भैया?’’ त्याला त्याचा कंटाळा यायचा. इथे कोणी विचारतच नसे. लोक टोपीला हात लावून हवेबद्दल एक वाक्य बोलत आणि पुढे जात. आठवडाभरात श्रीरंगला वाटायला लागलं की कोणी विचारत नाही, म्हणजे आपण बहुधा कुठे चाललोच नाही.

आंघोळीचा प्रकार आणखी वेगळा. त्या घरात आंघोळ शुक्रवारी, चुलीपुढे पत्र्याचा टब मांडून, आणि तीही आळीपाळीनं त्याच पाण्यात. श्रीरंग रोज पहाटे मागच्या अंगणात पंचा नेसून बादलीभर गार पाण्यानं आंघोळ करू लागला. पलीकडच्या बाईनं पहिल्या दिवशी दचकून पडदा ओढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून तो पडदा रोज त्याच वेळी थोडासा हलू लागला.

‘‘हा पोरगा न्युमोनियानं मरेल आणि नाव माझं होईल,’’ ईडिथ म्हणाली.

‘‘मरत नाही तो,’’ बिल म्हणाला. ‘‘आधी जंतू गारठतील.’’

आणि हिंगाची डबी. आईनं निघताना हिंगाची एक घट्ट झाकणाची डबी पेटीत टाकली होती. एका रविवारी ईडिथनं मटार शिजवले. गाळ होईपर्यंत शिजवलेले, पण मटारच. जबलपूरच्या माणसाला मटार दिसल्यावर राहवतं का? श्रीरंगला वाटलं, चिमूटभर हिंग पडला तर यातून उसळीसारखं काही निघेल. त्यानं वर जाऊन डबी उघडली मात्र, खालून ईडिथची किंकाळी आली. ‘‘गॅस! बिल, गॅस!’’ जर्मन विषारी वायू सोडतील म्हणून घरोघर मुखवटे वाटलेले होते. श्रीरंग डबी हातात धरून जिना उतरतो तर समोर दोन माणसं हत्तीसारख्या सोंडेचे मुखवटे चढवून उभी. तो घाबरला आणि मग हसला. मग मुखवट्याच्या आतून बिलचंही हसणं गुडगुडत बाहेर आलं. ईडिथ मात्र दोन दिवस बोलली नाही, आणि डबी अंगणातल्या कोळशाच्या खोलीत हद्दपार झाली.

हे सगळं निभावण्यासारखं होतं. न निभावणारी गोष्ट कारखान्यात एका खिळ्याला टांगलेली होती.

एनॅमलचा पांढरा मग, निळ्या काठाचा, एका बाजूनं टवका उडालेला. लढाईत नवे मग मिळत नव्हते, पण त्या गँगला ते कारण लागतही नव्हतं. मग एकच असायचा, हा तिथला जुना रिवाज. एक काम पुरं झालं की चहा व्हायचा. पहिला घोट बिलचा, मग हॅरी नावाच्या थोराड माणसाचा, मग बाकीच्यांचा, आणि शेवटी नव्या माणसाचा. ज्याच्या हाती मग आला तो गँगचा. एवढं साधं.

पहिल्या दिवशी मग श्रीरंगपर्यंत आला. त्यानं मान मागे टाकली, मग वीतभर उंच धरला आणि चहाची धार घशात सोडली. एक थेंब सांडला नाही. गँगनं टाळ्या वाजवल्या. हॅरी म्हणाला, ‘‘अरे, हा तर स्वतःला तेल घालून राहिला!’’ त्या दिवसापासून श्रीरंगचं नाव ‘ऑइलकॅन’ पडलं. दुसऱ्या खात्यांतली माणसं हा खेळ बघायला येत. आठवडाभर मजा चालली.

मग मजा विरत गेली. खेळ रोज कोणी करत नाही, आणि हा तर रोज करत होता. हळूहळू टाळ्या थांबल्या. एका दुपारी मग हॅरीच्या हातून पुढे गेला, सगळीकडे फिरला, आणि श्रीरंगसमोरून न थांबता परत खिळ्याला गेला. दुसऱ्या दिवशी तेच. आणि मगापाठोपाठ कामही त्याला टाळून जाऊ लागलं. तो शिकायला आला होता ते काम दोघांनी मिळून करायचं असतं. तोफेचा भाग ज्या पट्टीवर सरकतो ती पट्टी आरशासारखी सपाट हवी. तिला निळा रंग लावायचा, जोडीचा भाग वर सरकवायचा, जिथे रंग घासला जाईल तिथला उंचवटा पात्यानं खरवडायचा, आणि हे शंभरदा. एकानं सरकवायचं, एकानं बघायचं. श्रीरंगबरोबर सरकवायला आता कोणी मोकळं नसे. त्याच्या हाती कानस यायची आणि कडा घासायचं काम.

महिनाअखेर फोरमन प्रत्येक गँगला आपापल्या शिकाऊंबद्दल विचारत असे. ज्याला कोणतीच गँग नको म्हणे, त्याला पॅकिंगमध्ये धाडत, खोक्यांना खिळे ठोकायला. शेजारच्या खात्यातला एक पंजाबी पोरगा असाच गेला होता. खिळे ठोकायचे तर जबलपूर काय वाईट होतं? दोन समुद्र ओलांडून, बायकोला वर्षाच्या आत मागे टाकून, घरी जाऊन सांगायचं काय? खोकी भरली म्हणून?

रविवारी तो बिलबरोबर गावाबाहेरच्या जमिनीच्या तुकड्यावर बटाटे खणायला गेला. लढाईच्या दिवसांत सगळं गावच फावडं घेऊन रिकाम्या जागांवर तुटून पडलं होतं. खणता खणता बिलनं मान वर न करताच विचारलं, ‘‘आमची तोंडं घाण वाटतात का तुला?’’

‘‘नाही,’’ श्रीरंग म्हणाला. ‘‘आईला शब्द दिलाय.’’ आणि त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत नदी, ओंजळ, उष्टं, सगळं सांगितलं.

बिलनं ऐकून घेतलं. ‘‘मीही आईला शब्द दिला होता. दारूला शिवणार नाही म्हणून.’’

‘‘मग?’’

‘‘पाळला की. तिचं लक्ष असेपर्यंत.’’ त्यानं एक बटाटा पँटला पुसून टोपलीत टाकला. ‘‘मगाचा रिवाज मी घातलेला नाही, पोरा. माझ्या आधीचा आहे. मी तुला पी म्हणणार नाही. पण एक सांगतो. तू मान मागे टाकतोस नं, तेव्हा हॅरी आपले ओठ बाहीला पुसतो. पाहिलंस कधी?’’

श्रीरंगनं पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? वरून पिणाऱ्याला छप्पर दिसतं, माणसं दिसत नाहीत.

बटाट्यांची टोपली डोक्यावर घेऊन परत येताना त्याला गणपत आठवला. गणपत हा जबलपूरच्या कारखान्यातला त्याच्या खात्याचा खलाशी, म्हणजे हमाल. चाळिशीचा, ओझी उचलणारा, श्रीरंगच्या आधीपासून तिथे राबणारा. तो अस्पृश्य मानलेल्या जातीचा. पाण्याच्या सुट्टीत तो माठापासून लांब उकिडवा बसे आणि ओंजळ पुढे करी. श्रीरंग वरून धार धरी. श्रीरंग हे प्रेमानं करत असे, थट्टामस्करी करत. इतरांसारखं हिडीसफिडीस नाही. त्याबद्दल मनातल्या मनात तो स्वतःला बरा माणूस समजे. पाणी पिऊन झाल्यावर गणपत काय करत असे? श्रीरंगनं आठवून पाहिलं. गणपत ओंजळ झटकून आपले ओठ बाहीला पुसत असे. दिसलं तेव्हाही होतं. पाहिलं आत्ता.

सोमवारी काम पुरं झालं, चहा झाला, मग फिरला. हॅरीच्या हातून पुढच्याच्या हातात जाऊ लागला तसा श्रीरंग कडा घासायचं सोडून उठला. कानस बाकावर ठेवली.

‘‘माझा घोट राहिला,’’ तो म्हणाला.

मग थांबला. हॅरीनं त्याच्याकडे बघितलं, बिलकडे बघितलं. बिल छपराकडे बघत होता. श्रीरंगनं हात पुढे करून मग घेतला, जिथे टवका उडाला होता त्याच्या शेजारी ओठ लावले आणि प्यायला. चहा कोमट होता, साखर नव्हती, तंबाखूचा वास येत होता. त्यानं तो गिळला आणि आणखी एक घोट घेतला, कारण एका घोटाला कोणी अपघात म्हणू शकलं असतं. मग त्यानं मग पुढे दिला. यावेळी तो माणसांकडे बघत होता. कोणाच्याही चेहऱ्यावर काही थोर भाव वगैरे नव्हता. घेणाऱ्यानं मग घेतला आणि प्यायला.

‘‘सगळा संपवत जाऊ नकोस, ऑइलकॅन,’’ हॅरी म्हणाला, आणि पुढच्या कामाला त्यानं स्वतःच पट्टीचं दुसरं टोक धरलं.

त्या संध्याकाळी श्रीरंगनं अंगणातल्या नळावर खूप वेळ चुळा भरल्या. नर्मदेची माफी मागायची तर त्या गावात नदी नव्हती, कारखान्यांचं काळं पाणी वाहणारा कालवा होता. त्या पाण्यासमोर हात जोडायला त्याचं मन घेईना. त्यानं ठरवलं, हे पत्रात लिहायचं नाही. समोर उभं राहून सांगायचं.

त्यानंतरचं वर्ष कामाचं गेलं, आणि चांगलं गेलं. हात शिकले. घराची आठवण थांबली नाही, फक्त तिची जागा ठरली; शुक्रवारी टब मांडला की ती येई, इतर दिवशी तिला सवड नसे. दुसऱ्या हिवाळ्यात ईडिथनं न विचारता कोळशाच्या खोलीतून डबी आणली, नाक दाबून चिमूटभर हिंग मटारात टाकला, आणि चाखून म्हणाली, ‘‘जर्मनांना हे कळलं नाही ते बरं आहे.’’ निघताना डबी तिनं ठेवून घेतली. बिलनं खिळ्यावरचा मग काढून वर्तमानपत्रात गुंडाळला आणि त्याच्या हाती दिला.

‘‘आणि गँग?’’

‘‘हॅरी टोपीत पिईल,’’ बिल म्हणाला.

जबलपूर स्टेशनावर उतरून घरी आला, पाया पडला, आणि पाणीही न पिता श्रीरंग आईसमोर उभा राहिला. कुंदा दाराआड होती.

‘‘आई, शपथ मोडली.’’

आईनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. ‘‘कितीदा?’’

‘‘रोज.’’

‘‘काय खाल्लं?’’

‘‘खाल्लं नाही. चहा. गँगचा एकच मग होता. सगळे प्यायचे.’’

‘‘साखर घालत होते का?’’

‘‘नाही. रेशन होतं.’’

‘‘अरे बाप्पा!’’ आई कपाळावर हात मारून म्हणाली. ‘‘शपथ मोडायचीच होती तर गोड चहावर तरी मोडायची. बिनसाखरेचं उष्टं पिऊन राहिला माझा मुलगा!’’ दाराआड कुंदा फिसकन हसली. पण आई हसली नव्हती. तिनं चपला घातल्या. ‘‘चल. टांगा बोलाव.’’

तिलवाऱ्याला तीच पायरी, तेवढंच पाणी. ‘‘शपथ मोडली की तिचे तुकडे होतात,’’ ती म्हणाली. ‘‘फुटकं काही घरात ठेवू नये. ज्या ओंजळीनं घेतली त्याच ओंजळीनं परत दे.’’ श्रीरंगनं ओंजळ भरली आणि हळूहळू सोडून दिली. या वेळी त्याला घाई नव्हती. आई त्याच्याकडे बघत नव्हती, पैलतीराकडे बघत होती. मग म्हणाली, ‘‘तुझं मिटलं. माझं मी पाळते. घरात तुझा तांब्या वेगळा राहील. राग मानू नको.’’

‘‘नाही मानत.’’

आणि तो खरंच मानत नव्हता. त्याचा तांब्या खिडकीत वेगळा राहू लागला. कुंदा तो रोज चिंचेनं घासून लख्ख करी आणि सासूचं लक्ष नसलं की त्यातूनच पाणी पिई.

घरी येऊन घरच्यासारखं वाटायला वेळ लागला. स्वतःच्याच दारावर तो टकटक करी. कुंदानं जेवायला वाढलं की ‘थँक्यू’ म्हणे. ती एकदा चिडली, ‘‘थँक्यू काहून? मी काय दुकानदार आहे?’’ कोपऱ्यापर्यंत जाताना चार जण विचारत, ‘‘कहाँ चले, भैया?’’ आणि तो थांबून प्रत्येकाला नीट उत्तर देई. लोक बुचकळ्यात पडत. विचारण्यामागे त्यांचा तसा काही हेतू नसे. ढगाळ दिवशी मात्र तो उगाच हवेबद्दल बोलायला कोणी मिळतं का बघे.

कारखान्यात त्याला बढती मिळाली, हाताखाली गँग मिळाली. पहिल्याच दिवशी त्यानं बाकाशेजारी खुंटी ठोकली आणि बिलचा मग टांगला. काम पुरं झालं की एका मगात सगळ्यांचा चहा, हा रिवाज त्यानं सांगितला. माणसं आपापल्या लोट्यांकडे बघत राहिली. ‘‘साहेब विलायतेतून पागलपण घेऊन आले,’’ मुरलीधर नावाचा वेल्डर म्हणाला. काही दिवस श्रीरंग एकटाच प्यायचा आणि मग धुऊन खुंटीला लावायचा.

एकदा तो घोटभर प्यायला आणि त्यानं तोच मग गणपतसमोर धरला. गणपत सवयीनं उकिडवा बसला आणि त्यानं ओंजळ पुढे केली.

‘‘ओंजळ नाही. मग घे.’’

‘‘ओता नं, भैया.’’

‘‘नाही ओतत.’’

गणपतनं ओंजळ मोडली आणि उभा राहिला. चारचौघांत तो कधी आवाज चढवत नसे. ‘‘तुमचा हट्ट माझ्या घशावर काहून काढून राहिले? उष्टं आम्हाला नवीन आहे का? आमच्या आज्यापासून तुमच्या घरचं उष्टंच खाऊन राहिलो आम्ही. यात तुमची विलायत कुठून आली?’’

मुरलीधर खाली बघायला लागला. श्रीरंग तिथेच उभा, हातात मग. त्याला वाटत होतं की आपण काहीतरी देतो आहोत. देत तर सगळेच होते. वरून खाली देणं या मातीत कोणाला येत नाही? बिलच्या कारखान्यात त्यानं दिलं नव्हतं, घेतलं होतं. त्यानं मगातला चहा ओतून टाकला, मग धुतला, पुन्हा भरला.

‘‘बरोबर आहे तुझं,’’ तो म्हणाला. ‘‘आधी तू पी. तुझ्यामागून मी.’’

गणपतनं मग घेतला, तोंडाला लावला, आणि मुद्दाम, अगदी सावकाश, चांगले तीन-चार घोट घेतले. श्रीरंगनं मग हातात घेतला आणि जिथे गणपतचे ओठ लागले होते तिथूनच प्यायला.

‘‘साखर बरी पडली आज,’’ गणपत म्हणाला.

रिवाज एका दिवसात पडला नाही. कोणी महिन्यानं प्यायलं, कोणी प्यायलंच नाही. दोन माणसांनी खातं बदलून घेतलं, आणि गणपतला वस्तीच्या वाटेवर कोणाकोणाचे टोमणे खावे लागले. श्रीरंगपेक्षा त्याला जास्त. पण पहिला घोट गणपतचा, हे ठरलं ते ठरलं.

लढाई संपली त्या वर्षी विश्वकर्मा पूजेला घरच्या माणसांना कारखाना बघायला परवानगी मिळाली. मशीनींना झेंडूच्या माळा, लेथला हळदकुंकू. भानुमतीबाई सुनेबरोबर आल्या. मुलाचं बाक बघितलं, हत्यारांना नमस्कार केला. खुंटीवरच्या मगाकडे त्यांनी एकदा बघून घेतलं.

पूजा झाली, चहा झाला. श्रीरंगच्या मनात आलं, आजच्या दिवस मग खुंटीवरच राहू द्यावा. आज आईसमोर कशाला. घरात तिचं ती पाळत होती, इथे इथलं चालत होतं, आणि दोन्ही ठिकाणी तो सुखानं राहत होता. आज दोन्ही एका छपराखाली आलं होतं. गणपतनंही ते ओळखलं होतं. तो मागे, खांबाशी जाऊन उभा राहिला होता.

श्रीरंगनं मग काढला, भरला आणि खांबापर्यंत चालत गेला. ‘‘घे.’’

गणपत प्यायला. श्रीरंग प्यायला. मुरलीधर प्यायला. मग हातोहात फिरत परत गणपतकडे आला, आणि गणपतच्या समोर भानुमतीबाई उभ्या होत्या.

‘‘आण इकडे,’’ त्या म्हणाल्या.

गणपतनं मग खाली ठेवायला वाकायची हालचाल केली. अशा बायकांच्या हातात काही द्यायचं नसतं, जमिनीवर ठेवायचं असतं. ‘‘खाली काहून ठेवतो? निवून राहिला तो,’’ म्हणत त्यांनी त्याच्या हातातून तो घेतला. सगळी गँग बघत होती. बाईंनी मान मागे टाकली, मग वीतभर उंच धरला आणि चहाची सरळ, न तुटणारी धार घशात सोडली. एक थेंब सांडला नाही. मग मान खाली आणली, आणि आता पुढे कोणाला द्यायचा म्हणून एकेका चेहऱ्याकडे बघितलं. गणपतच्या चेहऱ्यावर नजर जरा जास्त वेळ थांबली.

‘‘बाई,’’ गणपत म्हणाला, ‘‘धार तर लेथवरून काढल्यासारखी सरळ आहे तुमची.’’

‘‘साखर कमी आहे,’’ भानुमतीबाई म्हणाल्या. ‘‘पुढच्या वर्षी मी घरून आणीन.’’

आणि त्यांनी मग सुनेकडे दिला. कुंदानं सासूकडे बघितलं नाही, नवऱ्याकडे बघितलं नाही. टवका उडालेल्या जागेच्या शेजारी ओठ लावले आणि उरलेला सगळा चहा पिऊन टाकला.